थायरोग्लोब्युलिन मोजणं वेगळं, रक्तातल्या कॅन्सरपेशी मोजणं वेगळं

ताईचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं, पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, उरलेल्या थायरॉईड पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा डोसही झाला. पुढे कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी काळजीने विचारलं, "रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी मोजतात ती टेस्ट केलीत ना?" ताईने थायरोग्लोब्युलिनचा रिपोर्ट पुढे केला. दोघींनाही ती एकच टेस्ट वाटत होती.

थायरोग्लोब्युलिन ही पेशी नव्हे, ते प्रथिन आहे. थायरॉईडच्या निरोगी पेशी ते बनवतात, तशा पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरच्याही. पूर्ण ग्रंथी काढून आयोडीन दिलं की ते बनवणारं फारसं कुणी उरत नाही. म्हणून थायरॉईडची रोजची गोळी चालू असताना आकडा मिलीलीटरमागे 0.2 नॅनोग्रामच्या खाली असला की डॉक्टर निश्चिंत होतात. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर उरलेली अर्धी ते बनवतच राहते, तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका. थायरॉईड कॅन्सरच्या मेड्युलरी प्रकारात मात्र थायरोग्लोब्युलिनऐवजी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक पाहतात.

दुसऱ्या तपासणीत गाठीतून सुटून रक्तात आलेल्या अख्ख्या पेशी पकडून मोजतात. (हा ब्लड कॅन्सर नव्हे.) पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी अशा एका तपासणीला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. साडेसात मिलीलीटर रक्तातल्या अब्जावधी पेशींतून चार-पाच शोधायच्या, इतकं ते बारीक काम. थायरॉईडसाठी मात्र ती अजून संशोधनातच आहे, नेहमीच्या फॉलो-अपमध्ये नाही. पॅपिलरी कॅन्सर परतला तर बहुतेकदा मानेतल्या लसीका गाठींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये) परततो, आणि तेव्हा रक्तात एकही पेशी सापडेलच असं नाही. त्यामुळे 'शून्य' वाचून मानेची सोनोग्राफी टाळणं मला धोक्याचं वाटतं.

थायरोग्लोब्युलिनही फसवतं, आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं. चार-पाच रुग्णांमागे एकाच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडी असतात. त्या असल्या की आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणून या अँटीबॉडी मोजणारी अँटी-टीजी टेस्ट प्रत्येक वेळी सोबतच करायची. लॅबही शक्यतो तीच ठेवायची, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. केसांसाठी घेतो त्या बायोटिनच्या गोळ्यांनीही काही यंत्रांवर आकडा खाली येतो. ताई त्या घेत होती, आणि रक्त घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं. आता तपासणीआधी किती दिवस थांबायचं ते ती डॉक्टरांना विचारून घेते, आणि रक्त देताना गोळ्यांची पाकिटंच सोबत नेते.