बेलीफ फार्महाउस: चुलीच्या धुराभोवती बांधलेलं घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाच्या शिवारात, बेलीफ नावाचं लाकडी सांगाड्याचं शेतघर साडेपाचशे वर्षं उभं होतं. १९६०च्या दशकात त्या खोऱ्यात बाऊ बीच जलाशय बांधायचं ठरलं आणि घर बुडीत क्षेत्रात आलं. १९६८-६९ मध्ये ते वासान् वासा सुटा करून उतरवलं गेलं. १९७२ पर्यंत ते वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन इथे, वील्ड अँड डाऊनलँड या जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभं राहिलं. क्रॉली हे नवं शहर वसवताना जुनी घरं पाडली जात होती. ते पाहून अस्वस्थ झालेल्या रॉय आर्मस्ट्राँग यांनी या संग्रहालयासाठी पुढाकार घेतला होता.

अख्खं घर असं हलवता आलं, कारण ते मुळातच सुट्या भागांतून जोडलेलं होतं. त्या काळचे सुतार ओक नुकताच तोडलेला, ओला असतानाच तासत. वाळल्यावर तो दगडासारखा टणक होतो, मग त्यावर हत्यार सहज चालत नाही. सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, पुन्हा सुटा करत आणि मग जागेवर उभा करत. सांध्यांमध्ये खिळे नाहीत, ओकच्याच खुंट्या. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असत, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा घट्ट ओढला जाई. खांबांमधल्या जागेत कूड घालून वर माती लिंपत.

लाकडातल्या वर्षवलयांवरून या घराचा सर्वांत जुना भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा ठरतो. शेतकऱ्याकडे असं घर बांधण्याइतका पैसा तेव्हा आला कुठून, हे समजायला १३४८-४९ च्या प्लेगपर्यंत मागे जावं लागतं. त्या साथीत इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं दगावली. वाचलेल्यांच्या वाट्याला जास्त जमीन आली, मजुरीचे दर चढले. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आग्नेय इंग्लंडमध्ये सधन शेतकऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. त्यांनी बांधलेली या धाटणीची घरं आजही केंट-ससेक्समध्ये मोठ्या संख्येने टिकून आहेत.

या धाटणीचा प्राण म्हणजे मधला दिवाणखाना. तो जमिनीपासून आढ्यापर्यंत पूर्ण उघडा, वर माळा नाही. जमिनीवर मधोमध चूल, धुराडं नाही. धूर वर चढे, छपरात रेंगाळे आणि कौलांच्या फटींतून व खिडक्यांतून वाट काढे. खिडक्यांना काचा नव्हत्या, उभे लाकडी गज आणि झडपा. छपराच्या लाकडांवर बसलेला काजळीचा काळा थर हाच जुन्या घराच्या अभ्यासकाला सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतो. वासे काळे असतील, तर खाली कधीकाळी उघडी चूल होती.

धुरामुळे मधल्या भागाला मजला घालता येत नव्हता, दोन्ही टोकांना मात्र येत होता. एका टोकाला खाली पेयांची आणि खाण्याच्या जिन्नसांची कोठी. दुसऱ्या टोकाला मालकाची बैठकीची खोली आणि वर निजायची. हे टोक १५०५-१० च्या सुमाराचं आहे. निजायच्या खोलीला लागूनच बाहेर लोंबता शौचकूप आहे. टोकांचे वरचे मजले भिंतीच्या पुढे झुकलेले, पण छप्पर सगळ्यावर एकच. त्यामुळे मधली भिंत आत गेल्यासारखी दिसते आणि तिच्यावरच्या वळचणीला वाकड्या ओकचे धिरे आधार देतात. समोरून घर इतकं देखणं दिसतं, ते या हिशेबामुळे.

सोळाव्या-सतराव्या शतकात विटांची धुराडी आली आणि असे दिवाणखाने मधे माळे घालून दुमजली झाले. बेलीफही त्यातून सुटलं नव्हतं. सिंगलटनला मात्र ते नंतरचे बदल वगळून उभारलं गेलं आणि आतलं सामान १५४०च्या सुमाराचं म्हणून नव्याने घडवलं. धुराड्याच्या काळातल्या पिढ्या त्यामुळे दिसेनाशा झाल्या, ही किंमत मोठी आहे. तरी मला हा निर्णय पटतो. धुराडं घातलेली जुनी घरं इंग्लंडमध्ये गावोगाव आहेत, पण उघड्या चुलीवर लाकडं पेटवून धूर छपरापर्यंत जाताना दाखवणारा दिवाणखाना क्वचितच बघायला मिळतो.