पॅसिव्ह व्हॉइस : इंग्रजीतील कर्मप्रधान वाक्यरचना

क्रिया ज्याच्यावर घडते तो वाक्याच्या कर्त्याच्या जागी येतो आणि क्रिया करणारा मागे सरकतो किंवा वाक्यातून गळून जातो, अशा इंग्रजी वाक्यरचनेला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात. ‘करन्सी नोट्स आर प्रिंटेड ॲट नाशिक रोड’ हे तिचे साधे उदाहरण. नाशिक रोडचे नोट मुद्रणालय १९२८ पासून चालू आहे. तिथे यंत्रावर कोण उभे असते हे या वाक्याला सांगायचे नाही. नोटा कुठे छापतात एवढेच सांगायचे आहे. करणारा सांगायचाच असेल तर तो ‘बाय’ लावून शेवटी येतो, पण प्रत्यक्ष वापरातील बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच.

रचना सोपी आहे. ‘बी’ या सहायक क्रियापदाचे योग्य रूप घ्यायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे क्लासमधल्या भाषेत ‘व्ही-थ्री’, ठेवायचे. काळ बदलतो तो फक्त ‘बी’मध्ये : इज प्रिंटेड, वॉज प्रिंटेड, हॅज बीन प्रिंटेड, विल बी प्रिंटेड, इज बीइंग प्रिंटेड. यांपैकी शेवटचे रूप वयाने बरेच लहान आहे. घर बांधले जात आहे, या अर्थी इंग्रज पूर्वी ‘द हाऊस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ रुळू लागले तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या काही व्याकरणकारांनी त्याला कडाडून विरोध केला होता. बोलण्यात ‘बी’ऐवजी ‘गेट’ही येते : ‘ही गॉट कॉट’, तो पकडला गेला.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण रूपांत नाही, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका समीकरणात आहे : ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. हे समीकरण चुकीचे आहे. मराठीतला प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते यावरून. ‘मुलीने पेरू खाल्ला’, ‘मुलीने पपई खाल्ली’ : क्रियापद कर्माबरोबर बदलले, म्हणून दोन्ही वाक्ये कर्मणी. इंग्रजीत मात्र ती ‘द गर्ल एट अ ग्वावा’, ‘द गर्ल एट अ पपाया’ अशी सरळ ॲक्टिव्ह होतात, कारण खाणारी मुलगी कर्त्याच्या जागीच आहे. ‘मुलीने’ दिसले की ‘बाय द गर्ल’ लिहिणारा विद्यार्थी त्या समीकरणाशी प्रामाणिक असतो आणि तरीही चुकतो. पॅसिव्हला जवळची मराठी रचना म्हणजे ‘रावण रामाकडून मारला गेला’. तिला आपले व्याकरणकार नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि सहज बोलण्यात ती आपण फारशी वापरत नाही.

का वापरत नाही, हे कळले की इंग्रजीला पॅसिव्ह का लागतो तेही कळते. ‘सरदार रंगराव ओढेकरांनी काळाराम मंदिर बांधले’ हे वाक्य मंदिरापासून सुरू करायचे असेल तर मराठी शब्दांची फक्त अदलाबदल करते : ‘काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले’. बांधणारा कोण हे ‘नी’ या प्रत्ययाने पक्के झालेले असते. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. तिथे जागा हीच ओळख. शब्द नुसते उलटे केले तर मंदिराने सरदार बांधले असा अर्थ होईल. म्हणून इंग्रजीला क्रियापदच बदलावे लागते : ‘द काळाराम टेम्पल वॉज बिल्ट बाय सरदार रंगराव ओढेकर’. परिच्छेद मंदिराविषयी चालू असेल तर पुढचे वाक्यही मंदिरापासूनच सुरू व्हावे, वाचकाचा धागा तुटू नये, यासाठी पॅसिव्हचा सर्वांत मोठा उपयोग होतो. पाठ्यपुस्तके याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

बाकीचे उपयोग परिचित आहेत. करणारा माहीत नसतो (‘माय बाइक वॉज स्टोलन’), किंवा सांगण्याची गरज नसते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जाणाऱ्या प्रबंधांत ‘ब्लड सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’ असे लिहितात, कारण तिथे नमुना महत्त्वाचा, घेणाऱ्याचा हात नव्हे. सरकारी मराठीत हेच काम ‘-ण्यात येईल’ करते. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ ही सूचना इंग्रजीत ‘वॉटर सप्लाय विल बी सस्पेंडेड’ अशी जाते.

याच सोयीत धोकाही आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याविषयी ‘द टेम्पल गेट्स वेअर क्लोज्ड’ एवढेच लिहिले तर व्याकरण निर्दोष राहते, पण दरवाजे बंद ठेवणारी माणसे वाक्यातून नाहीशी होतात. प्रवेशाला विरोध करणाऱ्या सनातनी मंडळींनी ते बंद ठेवले होते. जिथे जबाबदारीचा प्रश्न आहे तिथे करणाऱ्याचे नाव घेणारे ॲक्टिव्ह वाक्यच लिहावे, किंवा निदान ‘बाय’ गाळू नये.

सगळ्या क्रियापदांचा पॅसिव्ह होत नाही. कर्म नसेल तर कर्त्याच्या जागी आणायला काही उरत नाही. म्हणून गो, स्लीप, अराइव्ह, हॅपन यांचा पॅसिव्ह नाही. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड ॲट द्वारका’ ही चूक मराठी माणसाकडून वारंवार होते, कारण ‘झाला’ म्हटले की मनात ‘वॉज’ उभा राहतो. बरोबर वाक्य ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’. याच्या उलट ‘जन्मला’ हे मराठीत साधे क्रियापद, पण इंग्रजीत तिथे पॅसिव्ह रूपच लागते : दादासाहेब फाळके ‘वॉज बॉर्न ॲट त्र्यंबक इन १८७०’. ‘आय बॉर्न इन नाशिक’ हे मुलाखतीत ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. हॅव, लॅक, रिझेम्बल यांना कर्म असते, तरी त्यांचा पॅसिव्ह होत नाही.

दहावीच्या तयारीत ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रकार हमखास घोटून घेतात. रूपे पक्की व्हायला तो ठीक आहे, पण त्यातून ‘टी इज ड्रंक बाय मी’सारखी, कोणी कधीच न बोलणारी वाक्ये तयार होतात आणि मुलांना वाटते की दोन्ही वाक्ये सारखीच, फक्त एक उलटे. सुटे वाक्य बदलायला देण्याऐवजी चार ओळींचा उतारा द्यावा आणि कोणते वाक्य बदलल्याने तो नीट वाचला जातो हे विचारावे.

द्विकर्मक क्रियापदांचे दोन पॅसिव्ह होतात. ‘ट्रेडर्स पेड द ग्रोअर्स अ लो प्राइस’ या वाक्यापासून ‘अ लो प्राइस वॉज पेड टु द ग्रोअर्स’ आणि ‘द ग्रोअर्स वेअर पेड अ लो प्राइस’ ही दोन्ही बरोबर आहेत. मराठीत ‘शेतकऱ्यांना’मधला ‘ना’ काही केल्या जात नाही, त्यामुळे दुसरे रूप आपल्याला परके वाटते. इंग्रजीत मात्र तेच अधिक प्रचलित आहे. लासलगावच्या कांदा उत्पादकांविषयी बातमी लिहिताना तेच घ्यावे, कारण वाक्य भावापासून नव्हे, शेतकऱ्यापासून सुरू होते.