वाल्हे जेजुरीनंतरच यायला हवं

आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची ही वाट. समजा एखाद्या वारकऱ्याने फोनमधल्या नोंदींच्या ॲपमध्ये या गावांचा तक्ता केला. प्रत्येक गावापुढे उतरण्याची जागा, ओळखीचं घर, पाण्याची सोय असं सगळं लिहून ठेवलं. मग कधीतरी रकान्याच्या मथळ्यावर बोट पडलं आणि यादी अकारविल्हे लागली. आळंदी योगायोगाने पहिलीच राहते, पण तिच्या मागोमाग येते जेजुरी. पंढरपूर पाचव्या जागी, पुण्याच्याही आधी, आणि सासवड अगदी शेवटी. नोंद एकही पुसली गेली नाही, वाट मात्र गेली.

किती माहिती गेली, हे मोजताही येतं. १५ गावं १ लाख ३० हजार कोटींहून अधिक तऱ्हांनी मांडता येतात. त्यांतली नेमकी आपली मांडणी कोणती, हे सांगायला ४१ बिट पुरतात (बिट म्हणजे एक ० किंवा १, आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सहा बाइटसुद्धा पुरे भरत नाहीत. पण या ४१ बिटांतला एकही गावाच्या नावात किंवा पाण्याच्या सोयीत दडलेला नसतो. तो वेगळा लिहून ठेवावा लागतो.

डेटाबेस ते आपणहून करत नाही, आणि त्यामागे विचार आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या प्रारूपात तक्ता म्हणजे नोंदींचा संच, आणि संचात पहिलं-दुसरं असं काही नसतं. आपल्या फोनमधली कितीतरी ॲप माहिती ज्यात ठेवतात तो एसक्यूलाइट याच घराण्यातला. क्रम मागितला नाही, तर नोंदी कोणत्याही क्रमाने हाती येऊ शकतात. बहुधा त्या भरल्या तशाच येतात, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण तक्त्याला स्वतःची ठरावीक किल्ली, म्हणजे प्रत्येक नोंद ओळखण्याचा आकडा, दिलेली नसेल, तर फाइल आवळून लहान करताना एसक्यूलाइट नोंदींचे आतले क्रमांक बदलूही शकतो. त्या क्रमांकांवर विसंबणं धोक्याचं.

म्हणून ‘क्रम’ नावाचा रकाना करायचा आणि १, २, ३ लिहायचं. वाल्हे लिहायचं राहिलं असेल, तर ते पाचव्या जागी घालताना लोणंदपासून पंढरपूरपर्यंतच्या दहा नोंदींचे आकडे एकेकाने वाढवावे लागतात. दहा नोंदींचं काही वाटत नाही. दहा हजार असतील आणि प्रत्येक बदल फोनवरून लॅपटॉपवर जायचा असेल, तर वाटतं. यावरची जुनी युक्ती म्हणजे १०, २०, ३० असे आकडे देऊन मध्ये जागा सोडणं. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जन्मलेल्या बेसिक भाषेत ओळींना असेच क्रमांक देण्याची पद्धत पडली होती. हाताने सांभाळायच्या यादीला मी आजही हेच सुचवेन.

ॲप लिहिणारा मात्र अपूर्णांकाकडे वळतो. जेजुरी ४, लोणंद ५, तर वाल्हे ४.५. बाकी कुणाला हात लावायचा नाही. गणितात दोन संख्यांच्या मध्ये नेहमीच तिसरी सापडते, त्यामुळे प्रश्न कायमचा सुटला असं वाटतं. पण संगणक अपूर्णांक ठेवतो ६४ बिटांत, आणि त्यांत आकड्याची अचूकता मिळते ५३ बिटांची. प्रत्येक नवी नोंद ४ च्या लगेच पुढे घालत गेलात, की दर वेळी अंतर निम्मं होतं. ५० नोंदी बसतात. एक्कावन्नाव्या वेळी मधली संख्या काढली की उत्तर येतं ४, आणि दोन नोंदी एकाच जागेवर बसतात. माणूस नवी नोंद अनेकदा त्याच ठिकाणी, मथळ्याच्या खाली घालतो, त्यामुळे हे प्रत्यक्षात घडतं.

यातून सुटण्याची वाट मला फार सुंदर वाटते: क्रमांक संख्या म्हणून ठेवायचाच नाही, मजकूर म्हणून ठेवायचा. शब्दकोशात एकेक अक्षर पाहत पुढे जातात तशी तुलना करायची. मग ‘४’ आणि ‘५’ यांच्या मध्ये ‘४५’ बसतं, ‘४४’ आणि ‘४५’ यांच्या मध्ये ‘४४५’. मजकूर हवा तेवढा लांबतो, त्यामुळे ५३ बिटांची भिंत आड येत नाही. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ग्रंथालयांसाठी मांडलेल्या दशांश वर्गीकरणात नव्या विषयाला जागा होते ती याच तऱ्हेने. डिझाइनचं ॲप फिग्मा आणि कामांच्या याद्या ठेवणारं जिरा यांनीही हाच मार्ग धरला आहे.

यात एक बारीक खाच आहे. ‘४’ आणि ‘४०’ हे मजकूर म्हणून वेगळे, पण त्यांच्या मध्ये काहीही बसत नाही. म्हणून कोणत्याही क्रमांकाचा शेवट शून्याने होऊ द्यायचा नाही. दुसरी खाच तुलनेच्या नियमांची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो संकेतांक देतो त्या पद्धतीत, ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. क्रमांकांत अक्षरं वापरली आणि फोनने त्यांची तुलना एका नियमाने, लॅपटॉपने दुसऱ्या नियमाने केली, तर एकच यादी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसेल. अशा क्रमांकांची तुलना सगळीकडे निव्वळ संकेतांकांनीच व्हायला हवी.

आणि लांबी? जुने क्रमांक कधीच बदलायचे नाहीत असं ठरवलं, तर वाईटात वाईट परिस्थितीत ते नोंदींच्या संख्येच्या प्रमाणात लांबत जातात. कितीही हुशारी केली तरी हे चुकत नाही, तशी सिद्धताच आहे. अधूनमधून थोड्या नोंदींना नवे क्रमांक द्यायची तयारी ठेवली, तर काम किती स्वस्तात होतं, हे पॉल डीट्झ आणि डॅनियल स्लीटर या संगणकशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं.

फोन आणि लॅपटॉप दोन्ही ऑफलाइन असताना दोन्हीकडून जेजुरीनंतर एकेक नोंद घातली, तर दोघींना ‘४५’ मिळणार. त्यासाठी क्रमांकाच्या शेपटीला यंत्राची खूण जोडतात. मग निदान दोन्ही यंत्रांवर यादी सारखीच लागते.

आता तुकोबांच्या पालखीची यादी त्याच डेटाबेसमध्ये घाला: देहू, आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत आणि पुढे. पुणे तिथे तिसरं, माउलींच्या वाटेवर दुसरं. वाखरी आणि पंढरपूरही दोन्हीकडे आहेत. गावाच्या नोंदीतच क्रमाचा रकाना असेल, तर एक यादी दुरुस्त केली की दुसरी बिघडते. त्यामुळे गावांचा तक्ता वेगळा आणि वाटांचा वेगळा करावा. वाटांच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: कोणती वाट, कोणतं गाव, कितवं. मग पुण्यातल्या ओळखीच्या घराचा पत्ता बदलला तर तो एकदाच बदलावा लागतो आणि दोन्ही वाटांवर नवा दिसतो.