पद्मिनीचं टायमिंग आणि स्लो रनिंग: मॅन्युअलमधले आकडे आले कुठून?

फियाट किंवा प्रीमियर पद्मिनीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं की शेवटी दोन कामं उरतात: टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावणं आणि स्लो रनिंग, म्हणजे पाय न दाबता इंजिनाचं हळू चालणं, बसवणं. दोन्हींचे आकडे मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. हौशी मंडळी ते तंतोतंत लावतात, तरी इंजिन सिग्नलला अडखळतं, स्लोवर नीट थांबत नाही. मग दोष कार्बोरेटरला, नाहीतर मिस्त्रीला. माझ्या मते आधी त्या आकड्यांकडे बघावं. ते एका विशिष्ट काळातल्या पेट्रोलसाठी ठरवलेले आहेत, आणि ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही.

इंजिनाचं घराणं जुनं आहे. फियाटचं १०८९ सीसीचं, वर व्हॉल्व्ह असलेलं इंजिन १९३७ साली ‘५०८ सी’ या गाडीत आलं. १९५३ साली इटलीत निघालेल्या फियाट ११०० मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली, आणि विसावं शतक संपत आलं तरी मूळ रचना फारशी बदलली नव्हती.

आता ठिणगीचं बघू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ठिणगी पडल्यापासून दाब पूर्ण चढायला वेळ लागतो, आणि पिस्टन खाली निघाल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास तो दाब मिळाला तर ताकद सगळ्यात जास्त मिळते. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडावी लागते. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, एका मिलिसेकंदात जेमतेम ५ अंश फिरतो, ४००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात २४ अंश. वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि जळणंही लवकर उरकतं, त्यामुळे अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पाडणं, त्याच पटीत वाढवावा लागत नाही. पण वाढवावा लागतोच.

सुरुवातीच्या गाड्यांत हे कोणाच्याच हातात नव्हतं. डाइमलरच्या इंजिनात बाहेरून ज्योतीनं तापवलेली नळी असे. दाबलेलं मिश्रण तिच्या लालबुंद भागापर्यंत पोचलं की पेटे. बेन्झनं १८८६च्या गाडीत बॅटरी आणि कॉइलची ठिणगी वापरली. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डनं १९०२ साली हाय-टेन्शन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणारं यंत्र, तयार केला, तेव्हा कुठे ठिणगी भरवशाची झाली. ती नेमकी कधी पाडायची हे मात्र चालकानं ठरवायचं. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांड्या होत्या, उजवीकडे थ्रॉटलची आणि डावीकडे ठिणगीच्या वेळेची. हँडल मारताना डावी दांडी पूर्ण वर, म्हणजे रिटार्ड (ठिणगी उशिरा) ठेवायची. ते विसरलं तर पिस्टन वर यायच्या आत मिश्रण पेटायचं आणि हँडल उलटं झटकून माणसाचं मनगट मोडायचं. गाडी चालू झाली की दांडी हळूहळू खाली घ्यायची, चढ लागला की पुन्हा थोडी वर, सगळं कानानं.

डेटनच्या चार्ल्स केटरिंगनं डेल्को कंपनीतर्फे १९१०च्या कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची, म्हणजे उघडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, पद्धत आणली. पद्मिनीच्या, सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे गॅरेजातल्या डेल्कोचं, तत्त्व तेच आहे. पुढे डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात स्प्रिंगा लावलेली वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप अॅडव्हान्स होते. तीसच्या दशकात त्याला व्हॅक्युमची जोड मिळत गेली: थ्रॉटल थोडाच उघडा असताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून तेव्हा आणखी अॅडव्हान्स. चालकाच्या हातातली दांडी गेली. मिस्त्रीच्या हाती उरला तो फक्त सुरुवातीचा बिंदू, आणि मॅन्युअलमधला आकडा त्या बिंदूचा असतो. पुढचं सगळं वजनं आणि स्प्रिंगा ठरवतात. स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील, तर स्लोवर बिनचूक लावलेलं टायमिंग रस्त्यावर चुकीचं ठरतं. बांधलेल्या इंजिनावर जुनाच डिस्ट्रिब्यूटर चढवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

हा बिंदू किती पुढे न्यायचा याला नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिन खडखडण्याची, मर्यादा असते, आणि ती पेट्रोलच्या ऑक्टेनवर, म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याच्या क्षमतेवर, ठरते. १९२१च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, केटरिंगच्याच हाताखाली, थॉमस मिजलीला टेट्राइथाइल लेडचा, म्हणजे शिशाच्या संयुगाचा, उपाय सापडला. १९२३ पासून ते घातलेलं पेट्रोल विकलं जाऊ लागलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, तरी जगभरच्या गाड्या पुढची अनेक दशकं त्याच्यावर धावल्या, आणि कारखान्यांनी कॉम्प्रेशन व टायमिंग त्याच हिशेबानं ठरवलं. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं, २००० पासून देशभर. शिशाची जागा शुद्धीकरणाच्या बदललेल्या प्रक्रियांनी आणि इतर घटकांनी घेतली. आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, त्यामुळे कमी कॉम्प्रेशनच्या पद्मिनीला नॉकिंगचा धोका उलट कमी झाला आहे. टायमिंगला थोडी मोकळीक मिळते. त्रास होतो तो मिश्रणाला.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी इंधन बदललं की टायमिंग बदलतं हे फार आधी अनुभवलं. २००० नंतरच्या वर्षांत काळ्या-पिवळ्या पद्मिनी मोठ्या प्रमाणात सीएनजीवर गेल्या. सीएनजी सावकाश जळतो, त्याला जास्त अॅडव्हान्स लागतो. तसं लावलं की पेट्रोलवर इंजिन खडखडायचं, पेट्रोलचं ठेवलं की गॅसवर ओढ कमी. मग मधलं काहीतरी. एकच आकडा दोन्ही इंधनांना बसेना. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या.

स्लो रनिंगचा इतिहास त्या मानानं छोटा. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा इतकी हळू जाते की मुख्य जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, पेट्रोल ओढलंच जात नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी वाट आणि वेगळा जेट ठेवावा लागला. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये त्यासाठी दोन स्क्रू आहेत: एक थ्रॉटल किंचित उघडा ठेवणारा, दुसरा स्लोचं मिश्रण ठरवणारा. पूर्वी दुसरा स्क्रू मिस्त्रीच्या मर्जीवर होता. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची कमाल मर्यादा आली आणि तो पीयूसीशी बांधला गेला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटमधून मिळणारं मिश्रण पातळ पडतं. स्लोवर इंजिन डचमळत असेल तर मिश्रणाचा स्क्रू किंचित उघडावा लागतो. मुख्य जेटवर मात्र त्या स्क्रूचा काही परिणाम नाही. पूर्ण ओढीवरचं पातळ मिश्रण सुधारायचं तर जेटच बदलायला हवा.

कामाचा क्रम या सगळ्यातूनच येतो. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंटची फट, मग टायमिंग, आणि स्लो रनिंग सगळ्यात शेवटी. पॉइंटची फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंग पुढे सरकलं की स्लोचा वेग वाढतो. उलट क्रमानं गेलं तर फिरून पहिल्या पायरीवर यावं लागतं. टायमिंग बघताना वेग इतका कमी हवा की वजनं उघडू नयेत, आणि डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून तोंड बंद करावं.

बांधलेल्या इंजिनात आणखी दोन गोष्टी. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, त्यातला कॉम्प्रेशनचा धरायचा. चुकला तर इंजिन चालू होत नाही, कार्बोरेटरमधून फटाके मात्र वाजतात. आणि नवे रिंग-बेअरिंग घट्ट असतात, त्यामुळे स्लोवर इंजिन जड फिरतं. पहिल्याच दिवशी थ्रॉटलचा स्क्रू आवळून ७००–८०० फेऱ्या बसवल्या, तर रनिंग-इन होऊन इंजिन मोकळं झाल्यावर वेग चढतो. तेव्हा पॉइंटची फट पुन्हा मोजायची, टायमिंग पुन्हा बघायचं आणि मगच स्क्रू सैल करायचा, कारण नव्या पॉइंटची टाचही तोवर थोडी झिजलेली असते आणि टायमिंग मागे सरकलेलं असतं.