शिंक आवरायची, पण कुठं?

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात मिरची कांडप केंद्रांबाहेर रांगा लागतात. काळ्या तिखटाची मिरची भाजून आणलेली असते, आत मुसळं धपाधप पडत असतात आणि रांगेतली निम्मी माणसं शिंकत असतात, उरलेली निम्मी शिंक आवरत असतात. आवरण्याच्या तऱ्हाही बघण्यासारख्या. कुणी पदराचा बोळा नाकाशी धरतं. कुणी नाकाखाली बोट आडवं दाबतं. आणि चारचौघांत शिंकायला लाजणारी काही मंडळी नाक चिमटीत धरतात, ओठ गच्च मिटतात आणि आतल्या आत एक दबका हिसका देऊन मोकळी होतात. हा लेख मुख्यतः या शेवटच्या मंडळींसाठी.

बोट दाबणाऱ्याची शिंक निघण्याआधीच विझते. चिमटीवाल्याची शिंक निघालेली असते, त्यानं फक्त दारं लावून घेतलेली असतात. शरीराच्या हिशेबात या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळपासही नाहीत.

मिरचीचा खकाणा नाकात शिरला की त्यातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं रसायन, नाकाच्या अस्तरातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर बसतं. तिथं टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, असतो. खरं तर तो चटका ओळखायला असतो, साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की जागा होतो; कॅप्सेसिन त्याला फसवतं. म्हणूनच मिरची जिभेला भाजते आणि नाकाला झोंबते. हा संदेश ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मानेच्या वर मेंदू जिथं मज्जारज्जूला जोडला जातो त्या भागाकडे जातो.

पुढचा टप्पा मला फार आवडतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना कॅप्सेसिनचा फवारा हुंगवून शिंकायला लावलं आणि संदेशाचा माग काढला. नाकातून आलेले ठरावीक चेतापेशी मेंदूच्या देठातल्या एका छोट्या पट्ट्यात न्यूरोमेडिन बी नावाचं लहानसं प्रथिन सोडतात, असं त्यांना दिसलं. हे प्रथिन ओळखणाऱ्या पेशी त्या पट्ट्यातून काढून टाकल्या की उंदरांचं शिंकणं जवळजवळ बंद होत होतं. उलट तेच प्रथिन थेट त्या जागी सोडलं, तर नाकात काहीही गेलेलं नसताना उंदीर शिंकू लागले. या पट्ट्यातून निघालेले धागे पुढं श्वसनाच्या, विशेषतः जोरानं श्वास सोडायला लावणाऱ्या पेशींच्या गटाशी जोडलेले असतात. साध्या श्वासात हा गट फारसा कामाला येत नाही, कारण एरवी श्वास आपोआप सुटतो. शिंकेत मात्र त्याला पूर्ण ताकदीनं उतरावं लागतं.

इथंच उंबरठा येतो. नाकातून येणारे संदेश साठत जातात, तोवर आपलं तोंड अर्धवट उघडं, डोळे बारीक आणि चेहरा हरवल्यासारखा. पुरेशा पेशी एकदम पेटल्या की मग माघार नाही. यंत्रमागावर धोटा सुटला की तो पलीकडच्या पेटीत पोचूनच थांबतो, तसंच हे. नाकाखालच्या बोटाचा उपयोग असलाच तर धोटा सुटायच्या आधी. वरच्या ओठाची त्वचा आणि नाकाचं अस्तर या दोन्हींच्या संवेदना त्याच ट्रायजेमिनलवरून जातात, आणि दाबाचा ठळक संदेश झोंबण्याच्या संदेशाला मागं सारतो, असं त्याचं बहुधा स्पष्टीकरण. ठेच लागल्यावर आपण जागा चोळतो त्यातही मेंदूशी असाच सौदा चालतो. साधेल तेव्हा साधेल, पण यात धोका काही नाही.

उंबरठा ओलांडल्यावर मात्र खोल श्वास घेतला जातो, स्वरयंत्राच्या पट्ट्या मिटतात, छाती-पोटाचे स्नायू आवळतात, दाब चढतो आणि पट्ट्या एकदम उघडतात. आता नाक-तोंड बंद असेल तर वरच्या श्वासमार्गातला दाब नेहमीच्या शिंकेच्या वीसपटीपर्यंत जाऊ शकतो. हवा मग घशाच्या भिंतीवर, नाहीतर कानाकडच्या नळीत घुसते. २०१८ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर इथल्या ३४ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. शिंक अशीच कोंडली, मानेत काहीतरी फुटल्यासारखं झालं, गळा सुजला, आवाज जवळजवळ गेला. घशाला भोक पडून हवा मानेच्या मांसात शिरली होती, मानेपासून बरगड्यांपर्यंत हात लावला की चुरचुर लागायची. सात दिवस नळीनं अन्न द्यावं लागलं. तो बरा झाला. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधून श्वासनलिका फाटल्याची तशीच एक नोंद आली. अशी प्रकरणं दुर्मिळ आहेत, हे खरं. पण रुमाल बाळगणं त्याहून सोपं.

आता थोडं आपल्या घरचं. निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं बसून घ्यायचं, काम अडलं की ‘कुठं माशी शिंकली’ विचारायचं. म्हण छान आहे, पण मुहूर्ताचा आणि ट्रायजेमिनलचा काही संबंध नाही. शिंकताना हृदय बंद पडतं, हा फॉरवर्डही खोटा. छातीतला दाब बदलल्यानं ठोक्यांची लय क्षणभर इकडंतिकडं होते, एवढंच. उघड्या डोळ्यांनी शिंकलं तर बुबुळं बाहेर पडतात, हेही नाही.

चरकसंहितेत मात्र न आवरण्याच्या तेरा वेगांची, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मींची, यादी आहे आणि त्यात शिंक आहे. ती अडवली तर मान आखडते, डोकं दुखतं, असं तिथं म्हटलंय. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध हे मात्र आवरावेत, अशी उलटी यादीही आहे. निरीक्षण चांगलंच आहे. लगेच ‘चरकांना न्यूरोमेडिन ठाऊक होतं’ असा मजकूर फिरायला नको, एवढीच विनंती.

अंधाऱ्या खोलीतून भर उन्हात आल्यावर शिंक येणारे लोकही कमी नाहीत. साधारण १८ ते ३५ टक्के माणसांत हा गुण आढळतो आणि तो घराण्यातून उतरतो. त्यांना मे महिन्यातलं सोलापूर पुरेसं आहे, मिरची लागत नाही.

नाकाच्या किंवा कानाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तोंड उघडं ठेवून शिंकायला सांगतात, ते याच दाबापायी. बाकीच्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा टॉवेलात, नाक न चिमटता शिंकावं. शेजारच्याकडं तोंड करून नव्हे. कारण शिंकेचे तुषार ओलसर हवेच्या ढगासोबत सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात, आणि कांडपाची रांग त्याहून लांब क्वचितच असते.