आधी काठी जमिनीवर

पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की मालकाचे हात शिवशिवायला लागतात. बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, स्पर्धांचे व्हिडिओ मोबाइलवर बघून झालेले असतात. मग अंगणात दोन बादल्या पालथ्या पडतात, त्यांवर झाडूचा दांडा आडवा होतो आणि 'हां, मार उडी!' सुरू. पिल्लूही शेपूट हलवत, आनंदाने उडी मारतं. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण इथे शब्दशः लागू पडते, कारण यातली जोखीम खरोखरच गुडघ्यापाशी आणि मनगटापाशी असते.

हा खेळ तसा तरुण. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला काहीतरी हवं होतं. आयोजन समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला गाठलं आणि घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत उभी राहिली. तो मधल्या वेळचा विरंगुळा आज आंतरराष्ट्रीय खेळ आहे. हर्डल, बोगदा, सीसॉ, उंच अरुंद फळी, उतरत्या छपरासारखी 'ए-फ्रेम' आणि ओळीने रोवलेल्या १२ काठ्यांमधून नागमोडी पळणं, असा सगळा मार्ग. त्याची मांडणी दर स्पर्धेत वेगळी असते. मालकाला तो आधी चालून पाठ करता येतो. कुत्र्याला तो पळतानाच कळतो.

एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान-महासंघाच्या नियमांनुसार १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरता येत नाही. अमेरिकन केनेल क्लबची अट १५ महिन्यांची. एवढं थांबायचं कशासाठी, हे हाडांकडे पाहिलं की समजतं.

वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांब होतं ते इथेच. हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा, अगदी अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असतो. त्यामुळे मोठ्या कुत्र्याचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे पिल्लाचा हा थर चेपू शकतो. पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात. अल्नाची जवळपास ८५ टक्के लांबी मनगटाजवळच्या एकाच थरातून येते आणि तो थर शंकूसारखा, खोबणीत बसल्यासारखा असतो. तिरका धक्का बसला तर त्याला बाजूला सरकायला जागाच नसते, तो चिरडला जातो. मग अल्नाची वाढ थांबते, रेडियस मात्र वाढतच राहतं. एक दोर आखडला की धनुष्य वाकतं, तसा पाय बाहेर वाकत जातो. मध्यम चणीच्या कुत्र्यात हे थर साधारण वर्षभरात मिटतात, मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं. लवकर नसबंदी केली असेल तर आणखी उशीर, कारण थर मिटवण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकांकडून येतो.

त्यात कुत्रा उडीनंतर पडतो तो पुढच्या पायांवर. नुसतं उभं असतानाही सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवरच असतं. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखं कामाचं कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, नाही. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंच्या झोळीने बांधलेले असतात. या खेळात खांद्याच्या दुखापती इतक्या का दिसतात, ते यावरून लक्षात यावं.

म्हणजे पिल्लाला दीड वर्ष गादीवर बसवून ठेवायचं? छे. स्वतःच्या मर्जीने पळणं, खेळणं, गवतात लोळणं त्याला हवंच. टाळायच्या त्या पुन्हा पुन्हा करून घेतलेल्या उंच उड्या आणि वर्षाच्या आतला काठ्यांमधला नागमोडी सराव. त्यात पाठीचा कणा सतत डावी-उजवीकडे पिळतो. बोगदा चालतो. जमिनीवर ठेवलेली फळी चालते. आडवी काठीही चालते, फक्त ती जमिनीवर ठेवायची.

आणि मागचे पाय! कुत्र्याला आपले पुढचे पाय कुठे पडतात हे ठाऊक असतं, मागचे बिचारे नुसते मागून येतात. आडवी ठेवलेली शिडी हळूहळू ओलांडणं, उलट्या पावलांनी फळीवर चढणं अशा साध्या खेळांतून त्याला त्या दोन पायांची ओळख होते. पुढे उंच फळीवरून उतरताना शेवटच्या रंगीत पट्ट्यात निदान एक पंजा टेकवावा लागतो, वरूनच झेप घेतली तर दंड. त्यासाठी पुष्कळ प्रशिक्षक शेवट आधी शिकवतात: पुढचे दोन पाय जमिनीवर, मागचे दोन फळीवर, थांब, खाऊ. हा पट्टा सहसा पिवळा असतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतात, तांबडं-हिरवं मात्र फारसं वेगळं ओळखू येत नाही. हिरवळीवरची लाल काठी आपल्याला उठून दिसते, त्याला नाही.

रोज तासभर घोटून घेण्याचा आपला शाळकरी हव्यास इथे उपयोगाचा नाही. डेन्मार्कमध्ये १८ बीगल कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्यातून एकदा शिकवलं, काहींना पाचदा. आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना तेच काम कमी धड्यांत आलं; दिवस अर्थातच जास्त लागले. पिल्लाच्या हाडांना तसेही महिने द्यायचेच आहेत, तर घाई कुणाला आहे?

खरं अवघड प्रकरण म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर बसून राहणं. मालक चार अडथळे पुढे गेला आहे, शेजारच्या रिंगमध्ये कुत्री भुंकताहेत, आणि याने बसायचं! इथे डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाचं तत्त्व कामी येतं: जे आवडतं ते करायला मिळणं, हेच कमी आवडत्या कामाचं बक्षीस. आपल्या आयांनी ते न वाचताच राबवलंय, आधी भाजी संपव मग आंबा. इथे बसणं ही भाजी आणि बोगदा हा आंबा. एफसीआयच्या स्पर्धेत रिंगमध्ये खाऊ किंवा खेळणं नेता येत नाही, त्यामुळे पळणंच बक्षीस व्हावं लागतं.

पण उत्साहालाही माप हवं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पारदर्शक आडोशामागे खाऊ ठेवून कुत्र्यांना वळसा घालून यायला लावलं होतं; कधी शांत आवाजात बोलावून, कधी उंच स्वरात चेकाळवून. मुळात शांत असलेली, मदतनीस म्हणून तयार होणारी कुत्री चेकाळवल्यावर सुधारली. घरगुती, आधीच उसळणारी कुत्री मात्र थेट आडोशावर जाऊन आदळली. तेव्हा 'चल चल चल!' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हे आपल्या कुत्र्याकडे बघून ठरवावं.

मालकाचं शिक्षणही काही सोपं नाही. तोंडाने 'बोगदा' म्हणायचं आणि खांदे हर्डलकडे वळवायचे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. शब्द आणि हावभाव यांत विसंगती असली की बहुतेक कुत्री हावभावावर विश्वास ठेवतात. कुत्रा भलतीकडे गेला की सगळे त्याला हसतात. बहुतेक वेळा तो बरोबरच गेलेला असतो.

हरल्यावरचा चेहराही कुत्र्यापर्यंत पोचतो. टेक्सासच्या संशोधकांनी एका अ‍ॅजिलिटी स्पर्धेत पुरुष मालक आणि त्यांच्या कुत्र्यांच्या लाळेतली संप्रेरकं मोजली. हरलेल्या जोड्यांमध्ये मालकाच्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकातला बदल आणि कुत्र्याच्या कॉर्टिसॉलमधला, म्हणजे ताणाच्या संप्रेरकातला बदल, यांचं नातं दिसलं. त्यातला एक दुवा अगदी साधा निघाला: रिंगबाहेर आल्यावर मालक कुत्र्यावर खेकसतो की त्याला कुरवाळतो.

म्हणून काही मुरलेले हँडलर, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये पळवणारे, नव्या कुत्र्याच्या पहिल्या स्पर्धेत मार्ग पुरा करतच नाहीत. तीन उड्या, एक बोगदा, मग परीक्षकाला हात दाखवून सरळ बाहेर. निकालाच्या कागदावर 'बाद' असं लागतं. तोवर तंबूमागे कुत्रा चीजच्या तुकड्यांवर तुटून पडलेला असतो.