तार्तिफ्लेत

तार्तिफ्लेत म्हणजे फ्रान्सच्या आल्प्समधली, सावोआ भागातली, बटाटा-कांदा-बेकनवर अख्खं रब्लोशाँ चीज वितळवून ओव्हनमध्ये भाजलेली डिश. हॉटेलांच्या मेनूवर ती पूर्वापार चालत आलेली डोंगरी डिश म्हणून मिरवते, पण या नावाने आणि या रूपात ती १९८० च्या दशकातच पुढे आली, आणि ती पुढे आणली रब्लोशाँ बनवणाऱ्यांच्या संघटनेनेच, चीजचा खप वाढावा म्हणून. नेमकं त्याच काळात स्कीइंगला येणाऱ्यांची गर्दी होती, दिवसभर बर्फात घसरून आलेल्या माणसाला गरम, जड, पोटभरीचं काहीतरी हवंच असतं, त्यामुळे ती चालली आणि अशी चालली की आता तिच्याशिवाय तिथल्या हिवाळ्याची कल्पना कुणी करत नाही.

अर्थात पूर्णपणे हवेतून काढलेली नाही. आराव्हीस डोंगररांगेत, तोन गावाच्या आसपास, 'पेला' नावाचा जुना पदार्थ होता, लांब दांड्याच्या लोखंडी तव्यात बटाटे आणि कांदे खरपूस परतायचे आणि वर रब्लोशाँ ठेवून वितळू द्यायचं, झालं. ना क्रीम, ना बेकन, ना ओव्हन. माझ्या मते चवीला तोच जास्त सरळ, पण ट्रेमध्ये बुडबुडत येणारी तार्तिफ्लेत फोटोत छान दिसते त्याला काय करणार.

यात खरं जुनं आहे ते चीज, मध्ययुगापासूनचं. असं सांगतात की जमीनमालक खंड दुधाच्या मापावर घ्यायचे, म्हणून माप घ्यायच्या दिवशी शेतकरी गाय अर्धवटच पिळायचे आणि मालकाचा माणूस गेला की परत धार काढायचे. ज्याने कधी धार काढलीय त्याला माहीत असतं की शेवटच्या धारांचं दूध जास्त घट्ट, जास्त स्निग्ध असतं, तर त्या लपवलेल्या दुधाचं हे चीज. आज आबोंदांस, तारीन आणि मोंबेलियार्द या तीनच जातींच्या गाईंचं कच्चं दूध चालतं, १९५८ साली चीजच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं (म्हणजे बाहेर कुठे बनवलं तर त्याला रब्लोशाँ म्हणता येत नाही), आणि चकतीवर हिरवा शिक्का असेल तर ते शेतावर एकाच कळपाच्या दुधाचं, लाल असेल तर अनेक शेतांचं दूध एकत्र करून बनवलेलं. एक चकती साधारण ४५० ते ५५० ग्रॅमची, वर पिवळसर-केशरी साल, त्यावर पांढरी बुरशी, आत मऊ लोण्यासारखं. वास मात्र दणकून येतो, पहिल्यांदा फ्रीजमध्ये ठेवलं की घरातले विचारणारच.

घरी करायची तर चार जणांना एक किलो बटाटे, एक चकती, दोन कांदे, २०० ग्रॅम बेकनचे तुकडे आणि अर्धा कप पांढरी वाइन, सावोआचीच असेल तर उत्तम. बटाटा चिकट जातीचा हवा, पिठूळ नको, आपल्याकडे नवा बटाटा बरा पडतो कारण जुना फुटतो आणि खाली लगदा होतो. सालासकट उकडा पण पूर्ण नाही, सुरी आत जाताना थोडी अडली पाहिजे, मग सोलून जाड चकत्या करा. बेकन परता, त्याच्याच चरबीत कांदा मऊ करा, वाइन घालून आटू द्या, बटाटे घालून कडा तांबूस होईपर्यंत हलक्या हाताने परता. मीठ घालायची घाई करू नका, बेकन आणि चीज दोन्ही खारट असतात, मिरपूड पुरे. क्रीमवरून तिकडेही वाद आहेत, बरेच जण दोन-चार चमचे घालतात, पेलावाले नाक मुरडतात.

आता मुख्य काम. चीज किसायचं नाही, चकती आडवी कापून दोन पातळ गोल करायचे (पोळीसारखे दोन पदर सुटतात) आणि बटाट्यांवर साल वरच्या बाजूला येईल असे ठेवायचे. साल काढून टाकू नका, हलकं खरवडलं तरी चालेल. आतलं चीज वितळून खाली बटाट्यात झिरपतं आणि वर राहिलेली साल भाजून कुरकुरीत होते, सगळी गंमत त्यातच आहे. २०० डिग्रीला २० ते २५ मिनिटं, कडेला बुडबुडे आले आणि वर तांबूस डाग पडले की बाहेर. सोबत हिरवं सॅलड आणि व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या हव्यातच, नाहीतर चौथ्या घासाला जीव जड होतो.

भारतात रब्लोशाँ सहज मिळत नाही. मोठ्या शहरांत ब्री किंवा कॅमेंबेर मिळतं, साल असलेलं आणि मऊ म्हणून ते जवळचं, पण चव सौम्य पडते. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज घातलं तर बेक्ड बटाटा होईल, चांगलाही लागेल, पण ही डिश नाही. बेकनऐवजी मशरूम घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, रब्लोशाँ विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, म्हणजे नुसतं बेकन काढून ती शाकाहारी होत नाही. अमेरिकेत तर अस्सल चीज विकताच येत नाही, कारण कच्च्या दुधाचं चीज ६० दिवस तरी मुरलेलं हवं असा तिथला नियम आहे आणि हे त्याच्या कितीतरी आधीच खायला तयार होतं.

हाच मार्ग मग इतरांनीही धरलाय, मोर्बिए चीज घालून मोर्बिफ्लेत, आणि बटाट्याऐवजी क्रोझे नावाचा छोटा चौकोनी पास्ता घालून क्रोझिफ्लेत. ग्रातँ दोफिन्वाशी मात्र गल्लत करू नका, ती पातळ चकत्या दूध-क्रीममध्ये शिजवलेली वेगळीच डिश आणि जुन्या पद्धतीने केली तर तिच्यात चीज नसतंच.